निळा चौकोन मोकळा ठेवायचा कसा? कोल्हापुरात दिव्यांगांच्या पार्किंगसाठी काम करणाऱ्यांना

"दोन मिनिटांत आलोच की" हे वाक्य कोल्हापुरात माणूस अगदी मनापासून बोलतो आणि ते हमखास खोटं ठरतं. तो औषधाच्या दुकानात शिरतो, आत ओळखीचा कोणीतरी भेटतो, 'चल चहा घेऊया' होतं, आणि बाहेर चाकाच्या खुर्चीचं चित्र काढलेल्या निळ्या चौकोनात त्याची गाडी निवांत उभी असते. मी साइड व्हील लावलेली स्कूटर चालवतो. उजव्या पायाला कॅलिपर (आधाराचा धातूचा साचा) आहे. धडधाकट माणसाला जागा मिळाली नाही तर तो पुढच्या गल्लीत गाडी लावून चालत येतो. मला मिळाली नाही तर मी घरी परत जातो.

गेली काही वर्षं आम्ही चारपाच जण मिळून हे चौकोन मोकळे राहावेत म्हणून खटपट करतो. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही. आपल्या पेठेत, आपल्या रस्त्यावर हे काम करायचं ठरवलंत तर सुरुवात कुठून करायची, काय बोलायचं, कागद कुणाला द्यायचा आणि मार न खाता घरी कसं यायचं, ते इथं लिहितो. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. सगळे जण गाड्या हटवण्यापासून सुरुवात करतात आणि महिन्याभरात थकतात. सुरुवात कागदापासून करायची असते. जी जागा कागदावर राखीव नाही ती रस्त्यावर राखता येत नाही. नुसता रंग मारलेला असेल तर पोलीसमामा येतात, बघतात आणि जातात.

आपण पोलीस नाही, हे डोक्यात पक्कं बसवा

अमेरिकेत टेक्सास राज्याच्या कायद्यात अशी सोय आहे की शहर प्रशासन सामान्य नागरिकांना प्रशिक्षण देऊन दिव्यांगांच्या पार्किंगपुरता दंड करण्याचा अधिकार देऊ शकतं. ह्यूस्टनमध्ये असे स्वयंसेवक खरोखर चलन लावतात. हे वाचलं की आपल्याकडच्या पोरांचे डोळे चमकतात. पण आपल्या कायद्यात तशी सोय नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२७ प्रमाणे मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी टोइंग करायची किंवा तिला जॅमर लावायचा, तर त्याचा आदेश गणवेशातल्या, त्या हद्दीतल्या पोलीस अधिकाऱ्यानेच द्यायचा असतो. दंडही पोलीसच करतात. फलक न पाळता गाडी लावली तर कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपये, पुन्हा केलं तर १,५०० रुपये.

मग आपल्या हातात काय उरतं? बघणं, बोलणं, लिहून ठेवणं, कळवणं, आणि कळवल्यावर पुन्हा पुन्हा विचारत राहणं. वाचताना हे किरकोळ वाटतं, पण शेवटचं काम नीट केलं तर बाकीच्या चारांपेक्षा तेच जास्त उपयोगी पडतं.

काय करायचं नाही तेही इथंच सांगतो, कारण उत्साहाच्या भरात पहिल्याच आठवड्यात या चुका होतात. टायरची हवा सोडायची नाही. त्याला भारतीय न्याय संहितेत आगळीक म्हणतात आणि गुन्हा आपल्यावर दाखल होतो. गाडीपुढं आडवी गाडी लावून मालकाला अडकवायचं नाही, तो गैरनिरोध होतो. खाकी रंगाचा शर्ट, पोलिसांसारखी टोपी, शिट्टी, 'ट्रॅफिक' लिहिलेलं जॅकेट यातलं काहीही अंगावर नको. लोकसेवक असल्याचं भासवणं हा त्याच संहितेच्या कलम २०४ खालचा गुन्हा आहे. आमच्यातला एक जण हौसेनं शिट्टी घेऊन आला होता. ती आम्ही त्याच्या पुतण्याला फुटबॉलच्या सरावासाठी देऊन टाकली.

वाहतूक शाखेनं तुम्हाला रीतसर लेखी मदतनीस म्हणून घेतलं, ओळखपत्र दिलं, तर गोष्ट वेगळी. तसं पत्र जरूर मागा. पण ते मिळेपर्यंत थांबून राहू नका, आणि मिळालं तरी चलनबुक तुमच्या हातात येणार नाही.

पहिलं काम: जागा खरंच राखीव आहे का?

एका रविवारी सकाळी, गर्दी नसताना, टेप घेऊन निघा. आपल्या भागातला प्रत्येक निळा चौकोन बघा. जिथं असायला हवा होता आणि नाही, त्या जागाही लिहा. वहीत तीन भाग करा, कारण तिन्ही ठिकाणी दाद मागण्याचं दार वेगळं आहे.

पहिला भाग रस्त्यावरच्या जागांचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ प्रमाणे रस्त्यावर गाड्या थांबवायच्या जागा सरकार किंवा त्यानं अधिकार दिलेला अधिकारी स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून ठरवतो. कोल्हापूरच्या भाषेत सांगायचं तर शहर वाहतूक नियंत्रण शाखा आणि महापालिका या दोघांचं एकमत लागतं. पट्टे आणि फलक महापालिका करते. त्यामुळे 'ते पोलिसांचं काम' आणि 'ते महापालिकेचं काम' ही दोन्ही उत्तरं तुम्हाला एकाच दिवशी मिळू शकतात.

दुसरा भाग सार्वजनिक आवारांचा: सीपीआर (सरकारी रुग्णालय), मध्यवर्ती बसस्थानक, रेल्वे स्टेशन, सरकारी कचेऱ्या, बिंदू चौकासारखे वाहनतळ. इथं दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ थेट कामाला येतो. बसस्थानकं, रेल्वे स्थानकं, विमानतळ इथली पार्किंगची जागा सुगम्यतेच्या, म्हणजे दिव्यांगांना सहज वापरता येण्याच्या, मानकांप्रमाणे असावी असं कलम ४१ सांगतं. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य करण्यासाठी कलम ४५ नं नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ मध्ये निघाले, म्हणजे मुदत जून २०२२ लाच संपली. 'इमारत जुनी आहे हो' असं कोणी म्हणालं तर ही तारीख शांतपणे सांगायची.

तिसरा भाग खासगी पण लोकांसाठी खुल्या इमारतींचा: मॉल, खासगी दवाखाने, मंगल कार्यालयं, बँका, चित्रपटगृहं. कोल्हापूर महापालिकेला लागू असलेली राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली २ डिसेंबर २०२० ला मंजूर झाली. तिच्यात दिव्यांगांसाठी प्रवेशद्वाराजवळ दोन मोटारींची जागा, दारापासून जास्तीत जास्त ३० मीटर अंतरावर, रुंदी कमीत कमी ३.६ मीटर, आणि ही जागा चाकाच्या खुर्चीवाल्यांसाठी राखीव असल्याचा ठळक फलक, असं सगळं मापासकट लिहिलेलं आहे.

आता टेप काढा. साधी मोटार अडीच मीटर रुंदीच्या जागेत मावते. मग ३.६ मीटर कशाला? मोटारीचं दार पूर्ण उघडून शेजारी चाकाची खुर्ची लावायला आणि तिच्यात सरकायला साधारण १.२ मीटर मोकळी पट्टी लागते म्हणून. ही पट्टी म्हणजे वाया गेलेली जागा असं समजून तिथं मोटारसायकल लावणारे पुष्कळ आहेत. मोटार आत, मोटारसायकल पट्टीवर, आणि खुर्चीवाला दाराच्या आत अडकलेला. चौकोन 'रिकामा' असूनही निरुपयोगी. तुमच्या वहीत पट्टीवरच्या गाडीची नोंद चौकोनातल्या गाडीइतकीच महत्त्वाची धरा. जागेची लांबी ५ मीटर हवी.

एवढ्यावर थांबू नका. चौकोनापासून दारापर्यंत स्वतः जाऊन बघा, जमल्यास खुर्चीवरच्या किंवा कुबडीवरच्या मित्राला सोबत घेऊन. मध्ये गटाराचं झाकण खचलंय का, फूटपाथची कड पाऊण फूट उंच आहे का, रॅम्पच्या तोंडाशी कुंड्या आहेत का. एका आवारात मी बघितलं होतं, चौकोन सुंदर रंगवलेला, फलक नवा कोरा, आणि आत जायला सहा पायऱ्या. रॅम्प इमारतीच्या मागच्या बाजूला, कुलपात. किल्ली कोणाकडे, तर 'साहेब सुट्टीवर आहेत'.

आणखी एक गोष्ट, जी मुंबई-पुण्याच्या आराखड्यांत सुटते. कोल्हापुरातले बहुतेक दिव्यांग मोटारीतून येत नाहीत. ते माझ्यासारखे साइड व्हीलच्या स्कूटरवर येतात. ही स्कूटर साध्या दुचाकीपेक्षा बरीच रुंद, आणि ती स्टँडवर तिरकी लावता येत नाही. दुचाकींच्या रांगेत ती शिरत नाही, शिरली तर निघत नाही, आणि दोन्हीकडून खेटून कोणी गाडी लावली तर उतरता येत नाही. म्हणून मागणी करताना मोटारींच्या दोन जागा मागाच, पण दुचाकींच्या रांगेच्या टोकाला साइड व्हीलसाठीही रुंद जागा मागा. टोकाला, कारण मग एका बाजूनं तरी उतरायला मोकळं राहतं.

रस्ता सम-विषम तारखेच्या पार्किंगचा असेल तर हेही तपासा की राखीव चौकोन कोणत्या बाजूला आहे. एकाच बाजूला असेल तर महिन्यातले निम्मे दिवस तो चौकोन 'नो पार्किंग'मध्ये जातो आणि टोइंगची क्रेन दिव्यांगाचीच गाडी उचलते. दोन्ही बाजूंना जागा हवी, किंवा ती जागा सम-विषममधून वगळल्याचं फलकावर लिहिलेलं हवं.

दुसरं काम: कागद

हे काम कंटाळवाणं आहे आणि इथंच बहुतेक गट गळतात. म्हणून गटात एक तरी निवृत्त कारकून, शिक्षक किंवा बँकवाला घ्या. अशी माणसं 'आवक-जावक'ला घाबरत नाहीत.

निवेदन एकच लिहा, प्रती दोघांना द्या: आयुक्त, कोल्हापूर महानगरपालिका आणि पोलीस निरीक्षक, शहर वाहतूक नियंत्रण शाखा. एकाच पानाचं. पहिल्या परिच्छेदात जागा नेमकी कुठं ते सांगा. 'राजारामपुरीत' एवढं लिहू नका. गल्ली कितवी, कोणत्या बाजूला, कुठल्या विजेच्या खांबापासून कुठपर्यंत, ते लिहा. दुसऱ्या परिच्छेदात गरज: जवळ कोणता दवाखाना, कोणती बँक. तिसऱ्यात मागणी: किती जागा, कोणत्या मापाची, उभा फलक कुठं. उभ्या फलकावर जोर द्या. जमिनीवरचा रंग गाडीखाली झाकला जातो आणि मग 'दिसलंच नाही' हे म्हणायला मोकळीक मिळते. सोबत हातानं काढलेला साधा नकाशा आणि दोन फोटो. शेवटी सह्या. शंभर सह्यांपेक्षा त्या रस्त्यावरच्या दहा दुकानदारांच्या सह्या जास्त वजनदार ठरतात. दुकानदारच विरोध करतील अशी भीती अधिकाऱ्यांना असते, आणि तुम्ही ती आधीच काढून टाकलेली असते.

दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. पोहोच नसलेलं निवेदन दिलंच नव्हतं असं समजा. मी हे दोनदा शिकलो.

पैसे नाहीत असं उत्तर आलं तर काय? स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी ठेवायचा, हे राज्य सरकारचं धोरण आहे. रंग आणि फलकांचा खर्च त्यापुढे किरकोळ आहे. निवेदनातच 'हा खर्च ५ टक्के दिव्यांग निधीतून करावा' असं वाक्य घाला, म्हणजे फाइल लेखा विभागात अडकायचं एक कारण कमी होतं.

महिनाभर हालचाल नसेल तर माहितीचा अधिकार. अर्ज जोडपत्र 'अ' या ठरलेल्या नमुन्यात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्रात अर्जाचा विषय एकच आणि शब्द १५० च्या आत असावे लागतात, त्यामुळे तक्रारीचा पाढा वाचू नका. असं विचारा:

"महापालिकेच्या मालकीच्या सर्व वाहनतळांची यादी आणि प्रत्येकातील दिव्यांगांसाठी राखीव जागांची संख्या मिळावी. या जागा निश्चित करणाऱ्या आदेशाची अथवा ठरावाची प्रत मिळावी. मागील तीन आर्थिक वर्षांत या जागांचे फलक व पट्टे यांवर झालेल्या खर्चाचा तपशील मिळावा."

उत्तराला ३० दिवस. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. 'अशी माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर आलं तर निराश होऊ नका. 'आमच्याकडे राखीव जागांची नोंदच नाही' असं त्यांनी सहीनिशी लिहून दिलेलं असतं, आणि पुढच्या प्रत्येक निवेदनाला तो कागद जोडता येतो.

तिसऱ्या भागातल्या खासगी इमारतींसाठी माहिती अधिकाराचा वेगळा वापर आहे. महापालिकेच्या नगररचना विभागाकडून त्या इमारतीच्या मंजूर नकाशाची आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मागा. नकाशात दिव्यांगांची पार्किंगची जागा आखलेली असते आणि प्रत्यक्षात तिथं जनरेटर, पानपट्टी किंवा मालकाच्या मोटारी असतात, असं पुष्कळदा दिसतं. नकाशा हातात घेऊन व्यवस्थापकाला भेटलं की बोलण्याचा सूर एकदम बदलतो.

याहून वरचं दार म्हणजे पुण्यातलं दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय. राज्य आयुक्तांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांनी केलेल्या शिफारशीवर संबंधित कार्यालयानं तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा मोडल्याबद्दल त्याच्या कलम ८९ खाली पहिल्यांदा १०,००० रुपयांपर्यंत, त्यानंतर ५०,००० पासून ५ लाखांपर्यंत दंड आहे. सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा असून चालणार नाही, बंधनकारक हवेत, असं सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ ला सांगितलं, हेही अर्जात एका ओळीत घाला. पण ही तोफ पहिल्या दिवशी डागू नका. तिथं जाताना तुमच्याकडे पोहोच असलेली तीन निवेदनं असली पाहिजेत. दरम्यान, महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात तो दिवस, विसरू नका. त्यासाठी अर्ज पंधरवडाभर आधी द्यावा लागतो.

तिसरं काम: माणसं आणि वेळ

पाच माणसं पुरतात. दहा झाली की मोर्चा वाटतो. त्यात एक तरी दिव्यांग असलाच पाहिजे. आमच्याबद्दल आमच्याशिवाय बोलणारे बरेच आहेत, त्यात भर नको. एक बाई असावी, वाद लवकर निवळतात. आणि शक्य असेल तर तालमीतला एखादा पोरगा घ्या. तो धमकावायला नको, नुसता उभा राहायला हवा. पेठेतल्या निम्म्या गाड्या त्याच्या ओळखीच्या असतात. 'अरे, तू व्हय? काढ की गाडी' एवढ्यावर काम होतं. मंडळाच्या फलकावर, गणपतीच्या मांडवाशेजारी, हा विषय एकदा लिहून लावा. कोल्हापुरात मंडळाचा फलक वर्तमानपत्राइतका वाचला जातो. हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही नसीमा हुरजूक यांनी सुरू केलेली संस्था १९८४ पासून इथं काम करते. अशा संस्थांमधल्या लोकांना एकदा भेटून या. कोणत्या जागा खरोखर लागतात हे ते तुम्हाला नकाशाशिवाय सांगतील.

वेळ रोजची ठेवू नका. आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी तासभर, पण ठरलेल्या वेळी. सकाळी दहा ते बारा दवाखाने आणि बँका, संध्याकाळी सहा ते आठ बाजार. सीपीआरच्या परिसराकडे विशेष लक्ष द्या. समोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे. भाऊसिंगजी रोडवर आधीच रुग्णांच्या गाड्या, आता वकील आणि पक्षकारांच्याही. कामकाजाच्या दिवशी सकाळी तिथं जागा मिळवणं हे माझ्यासारख्याला अर्ध्या दिवसाचं काम झालंय.

चौथं काम: बोलणं

सगळ्यांत अवघड हेच. वाक्य पाठ करून जा, नाहीतर राग आधी बाहेर येतो.

गाडी लावतानाच गाठा. लावून निघून गेल्यावर मालकाला शोधणं म्हणजे वेळेचं मातेरं. आणि आधी पर्याय सांगा, मग नियम.

"दादा, पुढं डाव्या हाताला दोन गाड्यांची जागा रिकामी आहे, तिथं लावता का? ही दिव्यांगांची आहे."

"कुठाय दिव्यांग? कोणच न्हाई की."

"आता नाही. येईल तेव्हा मोकळी असली पाहिजे. दवाखाना शेजारीच आहे."

"दोन मिनिटांत आलो."

"व्हय, पण त्याच दोन मिनिटांत कोणी आलं तर त्याला परत जावं लागतं. तेवढं पुढं घ्या की."

इथवर बहुतेक जण गाडी काढतात. काढली की 'थँक्यू दादा' म्हणा आणि मागं वळा. भाषण नको. ज्यानं गाडी हलवली त्याला वर उपदेश दिला की पुढच्या वेळी तो हट्टानं तिथंच लावतो.

जो काढत नाही, उलट 'तू कोण सांगणारा?' म्हणतो, त्याच्याशी तिसऱ्या वाक्यानंतर बोलणं बंद. 'मी कोण नाही, इथलाच राहणारा. पोलिसांना कळवतो' एवढंच, आणि बाजूला व्हा. आवाज चढला, हात उगारला, तर ११२. ओळखीच्या नगरसेवकाचं नाव घेणाऱ्याला आपणही दुसऱ्याचं नाव सांगायचं नाही. तो खेळ संपत नाही.

पुरावा मागू नका

चौकोनात गाडी लावून एक तरणाबांड पोरगा खाली उतरला, धडधाकट चालत गेला. आमच्यातल्या एकानं त्याला हटकलं. पोरानं पँट गुडघ्यापर्यंत वर केली, खाली कृत्रिम पाय. तो काही बोलला नाही, आणि आम्हाला काय बोलावं ते सुचलं नाही. त्या दिवसापासून नियम केला: जो म्हणेल 'मी दिव्यांग आहे' किंवा 'गाडीतले काका आहेत', त्याला पुढचा प्रश्न नाही. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. स्नायूंचा ऱ्हास, सिकलसेल, पार्किन्सन यांसारख्या आजारांत माणूस उभा दिसतो, पण पन्नास पावलं चालणं त्याच्यासाठी डोंगर असतो. कार्ड बघण्याचा अधिकार पोलिसांना, आपल्याला नाही. दहा खोटारडे सुटले तर सुटू देत.

तरी गाडीवरून थोडा अंदाज येतो. साइड व्हील, हाताचा ब्रेक, मागं बांधलेल्या कुबड्या. ऑक्टोबर २०२० पासून वाहन नोंदणीच्या अर्जात मालकीचा प्रकार 'दिव्यांगजन' असा लिहिण्याची सोय झाली आहे, तशी नोंद असेल तर पोलिसांना पडताळता येते. म्हणून दिव्यांग वाचकांना सांगणं: नवी गाडी घेताना शोरूममध्ये हे आवर्जून सांगा. काचेवरचा निळा स्टिकर मात्र पुरावा नव्हे. तो गाडीच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात मिळतो.

पाचवं काम: नोंद आणि तक्रार

एका गाडीमागं तीन फोटो. एक लांबून, ज्यात फलक आणि गाडी एकत्र दिसते. एक मागून, नंबर वाचता येईल असा. एक चौकोनाचा, चाक कुठं आहे ते कळेल असा. फोनमध्ये तारीख-वेळ बरोबर आहे ना ते बघा. माणसाचा चेहरा, गाडीतली लहान मुलं, बाया यांचे फोटो काढायचे नाहीत.

मग वाहतूक शाखेला कळवा. महाट्रॅफिक अ‍ॅपवरूनही फोटोसह तक्रार देता येते. पण आमचा अनुभव असा की सुट्या तक्रारीपेक्षा महिन्याचा तक्ता जास्त काम करतो. जागा, वार, वेळ, वाहनाचा प्रकार, बोलल्यावर हलवली की नाही, एवढेच रकाने. महिन्याअखेर तो छापून वाहतूक शाखेत नेऊन द्या, पोहोच घ्या. त्यातून कोणता वार, कोणती वेळ वाईट ते दिसतं आणि क्रेन नेमकी तेव्हा पाठवता येते. अधिकाऱ्याला 'कायम गाड्या असतात हो' ऐकायचा कंटाळा असतो. 'शुक्रवारी सहा ते साडेसात' हे त्याला वापरता येतं.

नंबरप्लेटचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. एका ग्रुपवर हे झालं. गाडी निघाली डायलिसिसच्या रुग्णाला सोडायला आलेल्या मुलाची. माफी मागायला त्याच्या घरी गेलो तेव्हा वडिलांनीच चहा दिला, तो चहा अजून घशात अडकल्यासारखा वाटतो.

सहावं काम: वॉचमन

आवाराच्या आत पोलीस सहसा येत नाहीत. तिथला खरा अधिकारी म्हणजे गेटवरचा वॉचमन किंवा वाहनतळावरचा पावती फाडणारा. त्याच्याशी दोस्ती करा. नावानं हाक मारा, काका म्हणा. त्याची अडचण समजून घ्या: मोठ्या मोटारीतून आलेल्या माणसाला अडवलं तर मालक त्यालाच झापतो. म्हणून व्यवस्थापकाकडून दोन ओळींचं लेखी पत्र घ्या, 'राखीव जागेत इतर वाहन लावू देऊ नये, वॉचमनला तसे अधिकार आहेत', आणि त्याची झेरॉक्स प्लास्टिकमध्ये घालून केबिनच्या काचेला आतून चिकटवा. वाद झाला की तो बोटानं दाखवू शकतो. दुसरा उपाय साखळीचा: दोन खांब, मध्ये प्लास्टिकची हलकी साखळी. पण साखळी काढायला कोण येणार हे ठरलेलं नसेल तर ती साखळी आम्हालाच अडवते, कारण खाली उतरून ती काढणं हेच आम्हाला जमत नाही. साखळी लावाल तर शेजारी फोन नंबर किंवा घंटा हवी, नाहीतर नकोच.

वाहनतळाचा ठेका बदलला की सगळं शून्यापासून. नवा माणूस, नवी पावती, जुना चौकोन विसरलेला. म्हणून नव्या निविदेच्या अटींतच राखीव जागा मोकळ्या ठेवण्याची अट घाला असं महापालिकेला आधी लिहून द्या.

गर्दीचे दिवस

नवरात्रात आणि सुट्ट्यांच्या दिवसांत अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरगावच्या गाड्या येतात. त्यांना महाद्वार रोड, ताराबाई रोड, भवानी मंडप यांचं गणित माहीत नसतं. नो व्हेइकल झोनमुळे आम्हालाही लांब उभं केलं जातं. बंदोबस्ताचा आराखडा ठरायच्या आधी, म्हणजे घटस्थापनेच्या महिनाभर आधी, वाहतूक शाखेकडे एकच मागणी न्या: साइड व्हील आणि दिव्यांगांच्या मोटारींना कोणत्या नाक्यावरून आत सोडणार आणि कुठं थांबवणार. नाक्यावरच्या शिपायापर्यंत ते पोहोचलं पाहिजे, कारण साहेबांनी 'हो' म्हटलेलं त्याला ठाऊक नसतं. मिळालेल्या उत्तराची प्रत दिव्यांग भाविकांनी खिशात ठेवावी.

आणि रंगाचं. कोल्हापूरच्या पावसात साधा रंग एक हंगाम कसाबसा टिकतो, डांबराचं पॅच मारलं की चौकोन निम्मा गायब. महापालिकेला थर्मोप्लास्टिक पट्टे मागा, ते जास्त टिकतात. पाऊस उघडला की टेप घेऊन पुन्हा एक फेरी मारा, कुठले चौकोन पुसले ते लिहा, आणि रंगवण्याचं निवेदन गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आवक विभागात द्या. त्याआधी दिलंत तर ते बंदोबस्ताच्या कागदांखाली जातं.